मुकादमचाचांचं पनवेल

मुकादमचाचांची आणि माझी ओळख लिफ्टमध्ये झाली, आणि ओळख होता होताच त्यांनी माझी एक चूक काढून दाखवली.

“पनवेलला कधी आलात?” त्यांनी विचारलं.

“झाली की दोन वर्षं.”

“दोन वर्षं झाली ती सुकापूरला येऊन. मी विचारतोय, पनवेलला कधी आलात?”

माझ्या एका हातात भाजीची पिशवी, खांद्याला लॅपटॉप, बेलापूरच्या ऑफिसातून नुकतीच आलेले. मला प्रश्नच कळला नाही. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. चाचा बाहेर पडले, पण दार लागू नये म्हणून छत्रीचं टोक फटीत धरून उभे राहिले.

“स्टेशन म्हणजे पनवेल नाही. हे टॉवर म्हणजे पनवेल नाही. हायवेचा नाका तर मुळीच नाही. रविवारी सकाळी साहेबांना घेऊन खाली या. गाव दाखवतो.”

लिफ्ट केकाटायला लागली तेव्हा त्यांनी छत्री काढली. दार बंद होताना मला त्यांचा पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याहून कडक चेहरा दिसला. मी वर येऊन नवऱ्याला, नीलेशला, म्हटलं, “चौथ्या मजल्यावर एक भांडखोर म्हातारा राहतो.”

ते मत मी पुढे पुष्कळदा बदललं आणि पुष्कळदा पुन्हा कायम केलं.

इब्राहिम मुकादम जुन्या पनवेलातले, खाडीजवळच्या मोहल्ल्यात जन्मलेले. मिसरूड फुटल्यावर मस्कतला गेले ते एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये केस पांढरे करूनच परतले. मोठा मुलगा बहरीनला, मुलगी मुंब्र्याला. मोहल्ल्यातलं घर भावाकडे गेलं आणि मुलाने आईवडिलांसाठी इकडे गावाबाहेर सुकापूरला, आमच्या बिल्डिंगमध्ये, लिफ्टवाला फ्लॅट घेतला, कारण चाचांच्या बायकोचे, खैरूचाचींचे, गुडघे. चाचींना लिफ्ट आवडली. चाचांना आपण हद्दपार झालो असं वाटलं. रोज सकाळी नाश्ता झाला की ते छत्री घेऊन रिक्षाने ‘गावात’ जायचे आणि जेवायला परत यायचे. जणू तिथे त्यांची नोकरी होती.

पनवेलचं हे वेड मस्कतच्या मेसमध्ये लागलं असं चाची सांगायच्या. तिथे जेवताना प्रत्येक जण आपापल्या गावाची बढाई मारायचा. केरळवाल्यांचं पाणीच पाणी, रत्नागिरीवाल्यांचे आंबे. चाचा पनवेल म्हणाले, तेव्हा एक रत्नागिरीकर हसून म्हणाला होता, “पनवेल? तिथे आमची एसटी चहाला थांबते.” सगळी मेस हसली. चाचांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं. दोघं एकाच खोलीत राहत होते, तरीही टाकलं. आणि त्यानंतर दर सुट्टीला गावी आले की ते म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायचे, विचारायचे, ऐकायचे. लग्नातल्या जेवणावळी सोडून हा माणूस कुणा जख्ख म्हाताऱ्याच्या खाटेशी बसलेला असायचा. चाची हे सांगताना अजून चिडायच्या.

त्या पहिल्या रविवारी आम्ही गेलो. नीलेश कुरकुरत आला. चाचांनी वडाळे तलावाच्या काठापासून सुरुवात केली. हे गाव तळ्यांचं कसं, एकेका तळ्याच्या काठी कोणती वस्ती होती, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, शनिवारी दुकानं कशी बंद ठेवायचे, त्यांच्यापैकी कोण चाचांच्या वडिलांच्या जनाज्याला आलं होतं. मग बाजारातून, कापडवाल्यांच्या गल्लीतून, एका मोबाईलच्या दुकानासमोर येऊन थांबले.

“इथे काय दिसतंय?”

“मोबाईलची कव्हरं,” नीलेश म्हणाला.

“इथे चाकं व्हायची. बैलगाडीची. पनवेलचं चाक घाटावर नाव सांगून विकलं जायचं. लोखंडाची धाव, म्हणजे गोल पट्टी, लालभडक तापवायची, लाकडी चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. अख्खी गल्ली वाफेने भरून जायची. हे मी पाहिलंय. शेवटचं शेवटचं, पण पाहिलंय.”

दुकानातला मुलगा “भैया, क्या चाहिए?” म्हणत बाहेर आला. चाचांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आत गेला. आमच्यावरही ते रागावलेले होते, जसं काही ते दुकान आम्हीच तिथे मांडलं होतं.

त्यांची एक सवय माझ्या तेव्हाच लक्षात आली. प्रत्येक गोष्ट सांगताना ती कुठल्या टोपलीतली ते आधी सांगायचे. “हे मी पाहिलं.” “हे बाबांनी पाहिलं.” “हे लोक सांगतात, खरं-खोटं खुदाला माहीत.” या तीन टोपल्यांतला माल ते कधी एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. आणि काही ठाऊक नसलं की मान ताठ करून म्हणायचे, “मला माहीत नाही.” इतक्या अभिमानाने ‘माहीत नाही’ म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

“पण चाचा, एवढं सगळं होतं तर गेलं कुठे?” नीलेशने विचारलं.

“कुठे जाईल? इथेच आहे. तुम्ही वरून गाडी घातलीत.”

नीलेशने तेवढ्यात फोनकडे बघितलं आणि चाचांनी त्याला छत्रीने कोपरात टोचलं. नवरा परत कधी आला नाही. मी मात्र जात राहिले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. आम्ही मूळचे कऱ्हाडचे. कऱ्हाड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे माझ्या पायांना ठाऊक आहे. इथे दोन वर्षं राहून माझ्या पायांना काहीच ठाऊक नव्हतं.

प्रत्येक फेरीचा शेवट खाडीकाठी व्हायचा. टेम्पो उभे राहतात त्या मोकळ्या जागेच्या मागे, एका बंद गोदामाच्या भिंतीला लागून, गुडघ्याएवढा काळा दगड जमिनीत रोवलेला होता. त्याच्या माथ्याखाली गोल फिरलेल्या गुळगुळीत खाचा होत्या. तिथे चाचांचा आवाज उतरायचा.

“याला होड्या बांधायच्या. घाटावरनं गाड्या उतरायच्या, माल होडीत चढायचा, मुंबईला जायचा. इथलं मीठ गाड्यांतून वर जायचं. हे मी पाहिलं नाही हं. माझ्या वेळेला खाडी गाळाने भरत आली होती. बाबांनी पाहिलं. मी फक्त दोरांच्या खाचा पाहिल्या.” मग माझा हात धरून त्या खाचेवर ठेवायचे. “दगडाला खाच पडेपर्यंत लोक इथे येत होते, बाई. आणि तो रत्नागिरीवाला म्हणतो, चहाला थांबते.”

इतक्या वर्षांनीही तो रत्नागिरीवाला त्यांच्या डोक्यातून गेलेला नव्हता.

हायवेच्या थांब्यावर तर ते नाक्यावरच्या लोकांच्या चेष्टेचा विषय झाले होते. पुण्याच्या, कोकणाच्या गाडीची वाट बघत लोक बॅगांवर बसलेले असायचे. चाचा त्यांच्यात जाऊन विचारायचे, “कुठे निघालात? गाडीला उशीर आहे का? मग पाच मिनिटांवर तळं आहे, बघून या. बॅगा मी सांभाळतो.” बॅगा सांभाळतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडे लोक जसे बघतील तसे बघायचे. एकदा एका बाईने पोलिसाला बोलावलं. पोलीस चाचांना ओळखत होता. तो म्हणाला, “चाचा, जाऊ द्या ना. लोकांना नाही बघायचं.”

“पण का नाही बघायचं?” चाचा खरोखर विचारत होते. पोलीस शिट्टी वाजवत रिक्षांकडे वळला.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात खाडीकडेला गटाराचं काम सुरू झालं. ठेकेदाराची माणसं चुन्याच्या रेघा मारून गेली. दगड रेघेच्या आत होता. चाचांनी दोन-तीन सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले. प्रत्येक ठिकाणी सांगण्यात आलं की ते काम दुसऱ्या खिडकीचं आहे. ते घरी आले की मला ऐकावं लागायचं, आणि ऐकून मीही चिडायचे, आणि माझ्या चिडण्याने काहीच होत नव्हतं.

मग मीच त्यांना एका सांस्कृतिक मंडळाकडे नेलं. नवीन पनवेलात दिवाळी पहाट आणि व्याख्यानं भरवणारं हे मंडळ. अध्यक्ष सोमण. स्वच्छ, हसतमुख, कामं करून घेणारा माणूस, आणि ठेकेदार त्यांच्या चांगल्या ओळखीचा. बैठकीला सातआठ जण होते. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, एक वकील होते. दोघांनाही दगडाची गोष्ट ऐकून मनापासून वाईट वाटलं. वकील तर अर्ज लिहून द्यायला तिथल्या तिथे तयार झाले.

सोमणांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “चाचा, दगड वाचेल. उद्या फोन करतो. पण दगडाला गोष्ट पाहिजे. मिठाच्या होड्या ही काही गोष्ट नाही.”

“मग काय आहे?”

“ती माहिती झाली. माहितीसाठी कोण थांबतंय? आता असं बघा, मराठ्यांच्या काळात एक मोठे सरदार या रस्त्याने मुंबईकडे उतरले होते, असं काही जण मानतात. त्यांच्याबरोबर हत्ती असणारच. तो या दगडाला बांधला असणार. जुनी माणसं असं सांगतात, एवढंच तुम्ही माइकवर म्हणा. तुम्ही जुने आहात. बाकी आम्ही बघतो. पाटी लावू, रेलिंग लावू, लोक फोटो काढतील.”

चाचांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं हसतील.

“गुडघ्याएवढ्या दगडाला हत्ती?” ते म्हणाले. “सोमणसाहेब, माझी बकरी त्या दगडाला बांधली असती तर तिने तो उपटून नेला असता. हत्ती तर दगड गळ्यात अडकवून पुण्याला गेला असता!”

मुख्याध्यापिकाबाई हसल्या. वकीलही हसले. सोमणसुद्धा हसले. इथे थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण चाचांना थांबता यायचं नाही.

“खोटं बोलून गाव मोठं करायचंय तुम्हाला? मग तुमचं मंडळच बांधा त्या दगडाला! आणि तुम्ही सगळे शिकलेले लोक नुसत्या माना हलवत बसता? शरम नाही वाटत?”

“अहो, पण आम्ही तुमच्याच बाजूने…” वकील म्हणाले.

“माझ्या बाजूने कुणी नको. दगडाच्या बाजूने पाहिजे!” छत्री टेबलावर आपटून ते उठले. चहाचे कप नाचले. मुख्याध्यापिकाबाईंच्या साडीवर चहा सांडला. त्या पदर झटकायला लागल्या, आणि वकिलांनी पेन खिशात ठेवलं ते मी पाहिलं.

खाली रस्त्यावर मी चाचांना म्हटलं, “त्या दोघांना तरी बोलायला नको होतं.”

“खरं आहे,” ते म्हणाले. आणि लगेच, “पण हत्ती!”

दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात हिराबाईंनाही त्यांनी हे सांगितलं. हिराबाई खाडीकाठच्या, चाचींच्या बालपणच्या मैत्रीण, आता म्हाताऱ्या होऊन नातसुनेला हिशेब सांगत पाट्यापाशी बसतात. मी कोळंबी निवडत होते. हिराबाई हसून हसून लाल झाल्या.

“अरं चाचा, हत्ती तं हत्ती! तुजा काय जातंय? दगड तं ऱ्हाईल नं जागेव!”

“हिरे, तुझा बाप होरी बांधायचा ना त्याला?”

“बांधायचा नं. पन तो मेला, होरी बी मेली. आता हत्ती बांधतान तं बांधू दे. आमाला काय राग नाय.”

“मला आहे,” चाचा म्हणाले.

मला दोघंही बरोबर वाटत होते आणि त्याचाच जास्त वैताग येत होता. एका वाक्याचा प्रश्न होता. ते एक वाक्य या माणसाने माइकवर म्हटलं असतं तर दगड जागेवर राहिला असता. पुढे कधी तरी, कुणी तरी, खाचेत बोट घालून म्हणालं असतं की अरे, हे तर दोराचं आहे. मी हे त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी कोळंबीची पिशवी माझ्या हातातून घेतली, रिक्षापर्यंत आणून दिली आणि म्हणाले, “बाई, मी गेल्यावर कोण सांगणार की ते वाक्य माझं नव्हतं?”

पावसाच्या तोंडावर दगड गेला. आम्ही गेलो तेव्हा तिथे ओला खड्डा होता आणि सिमेंटचे पाईप रचलेले होते. चाचा खड्ड्याच्या कडेला उभे राहिले, छत्रीने थोडी माती आत ढकलली आणि चला म्हणाले.

दगड फुटला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. दसऱ्याच्या सुमारास कळलं की तो सोमणांनीच उचलून नेलाय. नवीन पनवेलात मंडळाची एक छोटी बाग आहे, तिच्यात बसवलाय. चाचांना हे मी सांगितलं. मी सांगितलं नसतं तरी त्यांना कळलंच असतं.

आम्ही गेलो. बाग नीटनेटकी होती, खरं सांगायचं तर खाडीकाठच्या त्या टेम्पोच्या जागेपेक्षा कितीतरी चांगली. दगडाभोवती स्टीलचं रेलिंग, खाली लाल फरशी, वर पाटी: ‘ऐतिहासिक हत्तीखांब’. दगडाला तेल चोपडलं होतं. कुणी तरी झेंडूचं फूल ठेवलं होतं. एक कुटुंब फोटो काढत होतं, नवरा-बायको आणि तिची सासू.

चाचांनी फूल न हलवता रेलिंगच्या आत हात घालून खाच चाचपली. मग त्या सासूबाईंना अगदी मऊ आवाजात म्हणाले, “ताई, हे बघा, ही खाच किती बारीक आहे. हत्तीचा साखळदंड असता तर दगडाचे टवके उडाले असते. हे दोराचं घासणं आहे. होड्यांच्या दोराचं. हा दगड खाडीकाठचा, तिथे बंदर होतं.”

बाईंनी चष्मा वर करून बघितलं. “अगो बाई, खरंच की,” त्या म्हणाल्या. “होड्या? इथे?”

चाचांचा चेहरा उजळला. त्यांनी मिठाचं सांगायला सुरुवात केली. ऐकणाऱ्यांमध्ये आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले. मला वाटलं, चला, पाटी खोटी असली तरी समोर उभा राहून खरं सांगणारा माणूस आहे. असंही चालेल.

तेवढ्यात मंडळाचा कार्यकर्ता आला. तिशीतला, दाढी कोरलेला, शर्टावर मंडळाचा बिल्ला. “काय चाललंय?”

“दगडाची माहिती देतोय,” चाचा म्हणाले.

“माहिती पाटीवर आहे.”

“ती चुकीची आहे, भाऊ.”

त्याने चाचांना वरपासून खालपर्यंत बघितलं. दाढी, टोपी, छत्री. आवाज न चढवता तो म्हणाला, “चाचा, तुम्हाला आमच्या इतिहासातलं काय कळतं?”

सासूबाई सुनेकडे बघायला लागल्या.

“आमच्या म्हणजे?” चाचांनी विचारलं.

“म्हणजे आता… समजून घ्या ना.”

मी मध्ये पडले. मी म्हटलं, हे याच गावात जन्मलेत, तुम्ही कोण. तो मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही यात पडू नका, शिकलेल्या दिसता.” मी आणखी काही बोलणार होते. चाचांनी माझ्या बाहीला धरलं. इतक्या दिवसांत या माणसाने मला छत्रीने टोचलंही होतं, पण बाही कधी धरली नव्हती.

“चला बाई. ऊन झालंय,” ते म्हणाले. ऊन झालेलं नव्हतं.

रिक्षात त्यांनी छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरली. मग म्हणाले, “तो मुलगा कुठला?”

“बोलण्यावरून नांदेडकडचा वाटला.”

“चांगलं गाव आहे,” चाचा म्हणाले.

मी मंडळाला मेल लिहिली. सगळं मांडलं, खाच, बंदर, त्या मुलाचं बोलणं. उत्तर आलं: आपल्या सूचनेबद्दल आभार. खाली पणतीचं चित्र आणि दिवाळीच्या शुभेच्छा. मी पुन्हा लिहिली. पुन्हा पणती आली.

सोसायटीत कुणाकुणाला सांगून बघितलं. एक जण म्हणाला, “अहो पण दगड वाचला ना? मग झालं तर.” दुसऱ्याला पनवेलला बंदर होतं हेच पटेना. तो म्हणाला, “गुगलवर बघतो.” तिसरीने विचारलं, “तुम्ही त्यांच्याबरोबर एवढं का फिरता?” त्या प्रश्नाच्या मागे काय आहे ते कळून मी जिना उतरून आले, लिफ्टची वाट न बघता.

खैरूचाची एका दुपारी वर आल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आला होता, भिंतीला हात लावत आल्या. म्हणाल्या, “अश्विनी बेटा, रागावू नको. पण आता त्यांना नेऊ नको कुठे. मुलगा रोज फोन करतो. म्हणतो, अब्बांना सांगा, वाद नको. कुणी व्हिडिओ काढला, कुठे टाकला, मग काय?”

“चाची, त्यांनी काहीच वाईट केलेलं नाही.”

“तेच तर,” चाची म्हणाल्या.

चाचांचं गावात जाणं बंद झालं. विचारलं की म्हणायचे, “गुडघा.” गुडघे चाचींचे दुखायचे. हे दिवसभर टीव्हीवर क्रिकेट बघायचे, कुणाची मॅच आहे हेही त्यांना सांगता यायचं नाही. लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करून गप्प. नवे भाडेकरू “पनवेलला राहतो” म्हणाले तरी चूक काढायचे नाहीत. त्यांचा वैताग मला नको असायचा तेव्हा भरपूर होता, आणि आता हवा होता तर संपला होता.

डिसेंबरात माझे वडील कऱ्हाडहून आले. मी मुद्दाम खाली जाऊन म्हटलं, “चाचा, बाबांना गाव दाखवायचंय. तुमच्याशिवाय कोण दाखवणार?” ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. उलट लगेच उठले. कडक इस्त्रीचा शर्ट घातला. मला इतका आनंद झाला की मी नीलेशला ऑफिसात फोन करून सांगितलं.

रिक्षावाल्याला त्यांनी मॉलचं नाव सांगितलं.

मला वाटलं, तिथून पुढे जायचं असेल. ते बाबांना घेऊन आत गेले. सरकता जिना दाखवला. “काका, सांभाळून पाय टाका. हं. बघा, केवढं मोठं आहे. सगळं एसी.” चपलांची दुकानं दाखवली, मुलांच्या खेळण्यांची आगगाडी दाखवली. वरच्या मजल्यावर काचेतून हायवे दिसतो, तिथे उभं करून म्हणाले, “इथून पुणे, तिथून गोवा, इकडून मुंबई. कुठेही जा, पनवेलवरूनच जावं लागतं.”

“चाचा, तळं?” मी म्हटलं.

“तळ्यात काय बघायचंय, बाई? पाणी आहे.”

त्यांनी आम्हाला पावभाजी खाऊ घातली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी चमचा हातात धरून बसले होते. ओरडावंसं वाटत होतं, पण बाबा समोर होते, आणि बाबा खुशीत होते. घरी आल्यावर ते म्हणाले, “फार छान माणूस. गाव मोठ्या हौसेने दाखवलं.”

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

जानेवारीत कळलं की मुलाने दोघांना बहरीनला न्यायचं ठरवलंय. चाचींच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिकडेच करायचं. फ्लॅट भाड्याने जाणार. चाचा मला म्हणाले, “हवा बदलेल.” आयुष्यभर जो वाळवंटातून इकडे यायची वाट बघत होता, तो हवापालटासाठी पुन्हा वाळवंटाकडे चालला होता. मी म्हटलं, “परत येणार ना?” ते म्हणाले, “इन्शाल्ला.” हे त्यांच्या कोणत्या टोपलीतलं, ते मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि त्यांना विमानतळावर सोडायला गाडी काढली. नीलेशने न सांगता त्यांच्या बॅगा उचलून डिकीत ठेवल्या आणि चाचांना वाकून नमस्कार केला. चाचा त्याला म्हणाले, “साहेब, तुम्हाला टोचलं होतं एकदा. माफ करा.” नीलेश म्हणाला, “काय चाचा, तुम्ही पण.”

वाटेत वाहतूक तुंबली होती. नेहमीसारखीच. ट्रकांमागे ट्रक. मी चडफडत होते, हॉर्न वाजवत होते. मागे दोघं शेजारी शेजारी बसले होते. चाची खिडकीशी, पण त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. चाचा त्यांच्यासाठी संत्रं सोलत होते, एकेक फोड बी काढून हातावर ठेवत होते.

गाडी पुलावर चढली तेव्हा खिडकीतून खारा वास आत आला. चाचींनी मान वळवली.

“खाडी आली का?”

“आली,” चाचा म्हणाले.

“पाणी आहे?”

मी आरशात बघितलं. चाचांनी संत्र्यावरून मान वर केली, खिडकीबाहेर बघितलं, चांगलं निरखून बघितलं. बाहेर लांबपर्यंत नुसता चिखल होता. काळा, चकाकणारा चिखल, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि त्यांच्यामध्ये पाय रुतवून उभे असलेले बगळे. पाण्याची एक रेघ पार पलीकडे, विमानतळाच्या भिंतीखाली होती.

“आहे,” ते म्हणाले. “भरती आहे. पार काठापर्यंत. एक होडीपण आहे.”

“कुणाची?”

“मला माहीत नाही,” चाचा म्हणाले, आणि पुढची फोड चाचींच्या हातावर ठेवली.